विहिरींच्या नोंदी गावकऱ्यांच्या फोनवर: सर्व्हेच्या एक्सेलपासून चालू वेब ॲपपर्यंत

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात दरवर्षी कितीतरी पोरं प्रोजेक्टसाठी गावोगाव फिरत असतात. कोण विहिरींची पाणीपातळी मोजतंय, कोण भाताच्या जुन्या जाती लिहून घेतंय, कोण जंगलातल्या औषधी वनस्पतींची यादी करतंय. थिसिस छापून बाइंड होतो, लायब्ररीत एक कॉपी जाते आणि खरा डेटा, म्हणजे ती एक्सेल शीट, कुणाच्यातरी पेनड्राइव्हमध्ये पडून राहते. ज्या माणसानं उन्हात उभं राहून विहिरीत टेप सोडू दिला त्याला पुढं काही दिसतच नाही. हे मला पटत नाही, म्हणून हा लेख. त्या शीटचं असं वेब ॲप करायचं की जांबोटीचा शेतकरी किंवा निपाणीचा मास्तर फोनवर उघडून आपल्या गावाच्या नोंदी स्वतः बघू शकेल, गाळू शकेल, डाउनलोड करू शकेल.

सॉफ्टवेअर मी डेटासेट नावाचं घेतलंय. सायमन विलिसन ह्या प्रोग्रॅमरनं २०१७ मध्ये ते पहिल्यांदा काढलं, ओपन सोर्स आहे, पैसे लागत नाहीत, पायथनवर चालतं आणि मागं एस्क्यूलाइट ह्या छोट्या डेटाबेसची एकच फाइल असते. डेटाव्हर्स, सीकॅन अशी मोठी सिस्टिमपण आहेत आणि युनिव्हर्सिटीला शेकडो संशोधकांचा डेटा सांभाळायचा असेल तर तीच घ्यावीत, पण डेटाव्हर्सला पोस्टग्रेस हा डेटाबेस, सोलर हे शोधाचं इंजिन आणि जावाचा ॲप्लिकेशन सर्व्हर असं सगळं चालू ठेवायला लागतं. एका कॉलेजच्या एका विभागाला ते झेपत नाही. डेटासेट जुन्या लॅपटॉपवरपण चालतं.

उदाहरण विहिरींचंच घेतो कारण त्याच्यात सगळ्या अडचणी एकदम भेटतात. तुमचा विषय दुसरा असला तरी पायऱ्या त्याच. कमांड देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करा.

आधी शीट नीट करा, सगळा खेळ इथंच आहे

सॉफ्टवेअर बसवायला अर्धा तास लागतो, शीट नीट करायला पुष्कळ जास्त, आणि ह्या कामात घाई केली की पुढं चकचकीत वेबसाइटवर चुकीचे आकडे दिसतात आणि लोकांना ते खरे वाटतात.

पहिली गोष्ट म्हणजे एका शीटच्या तीन शीट करा. एक गावांची, एक विहिरींची, एक नोंदींची. गावाच्या शीटमध्ये गावाचं नाव एकदाच येणार, विहिरीच्या शीटमध्ये ती कुठल्या गावात आहे, किती खोल आहे, जांभ्या दगडात आहे की काळ्या कातळात आहे हे येणार, आणि नोंदींच्या शीटमध्ये फक्त तारीख, विहिरीचा नंबर आणि माप. मोजणी वर्षातून चारदा झाली तर नोंदींच्या शीटमध्ये त्या विहिरीच्या चार ओळी होतील. महिन्यामहिन्याचे आडवे कॉलम करू नका, जानेवारी-मे-ऑगस्ट-नोव्हेंबर असं आडवं मांडलेलं कागदावर छान दिसतंय पण पुढं ना गाळता येतं ना ग्राफ काढता येतो.

आता गावाच्या नावाचं बघा, सीमाभागात सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. एकच गाव एका पोरानं मराठीत लिहिलेलं असतं, दुसऱ्यानं कन्नडमध्ये, तिसऱ्यानं इंग्रजीत. येळ्ळूर कुणी एक एल लावून लिहितंय कुणी दोन, आणि शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी झाल्यामुळं जुन्या-नव्या रेकॉर्डमध्ये ते वेगळंवेगळं दिसतं. कॉम्प्युटरला हे सगळे वेगळे गाव वाटतात. म्हणून नावावर काहीच जोडू नका, कोडवर जोडा. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड दिलाय, तो गावाच्या शीटचा मुख्य नंबर करा आणि त्याच्या बाजूला नाव मराठीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत असे तीन कॉलम ठेवा. तिन्ही ठेवा म्हणजे कुठल्याही शाळेत शिकलेल्या माणसाला आपलं गाव सापडेल.

तालुक्याचेपण दोन कॉलम पाहिजेत, २०११ चा आणि आत्ताचा. निपाणी तेव्हा चिकोडीत होतं, कागवाड अथणीत होतं, कित्तूर बैलहोंगलमध्ये होतं, मूडलगी गोकाकमध्ये होतं. हे वेगळं केलं नाही तर जुन्या लोकसंख्येशी तुलना करताना चिकोडी तालुका अचानक लहान झाल्यासारखा दिसेल. आणि माझं ऐकाल तर नदीखोऱ्याचा एक कॉलम नक्की घाला. पाण्याला तालुका कळत नाही. खानापूर तालुक्यातच म्हादईचं पाणी पश्चिमेला गोव्याकडं जातंय आणि कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला जातेय, बेळगावची मार्कंडेय घटप्रभेला मिळते, निपाणीकडं वेदगंगा-दूधगंगा. खोऱ्याप्रमाणं गाळलं की जे दिसतं ते तालुक्याप्रमाणं कधीच दिसत नाही.

सुकलेली विहीर आणि शून्याची भानगड

इथं जरा थांबून वाचा कारण पाणीपातळीचा डेटा असेल तर हे तुमच्याकडं घडणारच.

पाण्याची खोली आपण जमिनीपासून खाली मोजतो. म्हणजे आकडा मोठा तर पाणी खोल गेलंय, आणि शून्य म्हणजे विहीर काठोकाठ भरलीय. आता मे महिन्यात विहीर आटलेली असते तेव्हा पोरं खोलीच्या कॉलममध्ये काय लिहितात? "सुकी". किंवा डॅश टाकतात, किंवा रिकामं सोडतात. एस्क्यूलाइट सरासरी काढताना आकड्यासारखा न दिसणारा मजकूर शून्य म्हणून धरतं, काही एरर येत नाही, काही नाही. समजा तीन विहिरींत पाणी ६, ८ आणि १० मीटरवर आहे आणि चौथी सुकीय. मोजलेल्या तीन विहिरींची सरासरी ८ मीटर. पण "सुकी" शब्दाला शून्य धरून चारनं भागलं की येतात ६ मीटर. म्हणजे एक विहीर पार आटली आणि आपलं ॲप सांगतंय की गावात पाणी वर आलं. उन्हाळ्यात जितक्या जास्त विहिरी सुकतील तितकं चित्र छान दिसत जाणार.

ह्याच्यावर उपाय असा की खोलीच्या कॉलममध्ये फक्त आकडा, नाहीतर पूर्ण रिकामं. आणि शेजारी स्थिती नावाचा वेगळा कॉलम, त्यात ठरलेले चारच शब्द: मोजली, सुकी, कुलूप, बुजवली. रिकामा सेलसुद्धा डेटाबेसमध्ये खरोखर रिकामा जायला पाहिजे, कारण सीएसव्हीतनं (शीट साध्या मजकुराच्या फाइलमध्ये सेव्ह केली की तिला सीएसव्ही म्हणतात) तो कोऱ्या मजकुराच्या रूपात जातो आणि त्याचंही सरासरीत शून्यच होतं. त्याच्यासाठी कमांडमध्ये एक पर्याय आहे, खाली येतोच. एवढं करूनही नुसती सरासरी दाखवू नका, कारण सुक्या विहिरी बाजूला काढल्या की उरलेल्या बऱ्या विहिरींचीच सरासरी येते. सरासरीच्या शेजारी "इतक्यांपैकी इतक्या सुक्या" हा आकडा पाहिजेच.

मोजमापाच्या आणखी दोन गोष्टी. टेप कठड्यावरनं सोडला की जमिनीवरनं? कठडा तीन फूट असेल तर तेवढा फरक पडतो, म्हणून प्रत्येक विहिरीच्या कठड्याची उंची विहिरीच्या शीटमध्ये ठेवा आणि वजाबाकी डेटाबेसला करू दे. दुसरं, फूट आणि मीटर मिसळू नका, १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, सगळं मीटरमध्ये आणा. पण म्हातारी माणसं विहिरीची खोली परसात (एका माणसाच्या उंचीच्या मापात) सांगतात, ते जसं सांगितलं तसं एका वेगळ्या कॉलममध्ये लिहून ठेवा, मीटरमध्ये बदलून मूळ शब्द पुसून टाकू नका.

मराठी टायपिंगमुळं येणाऱ्या अडचणी

जुना डेटा श्रीलिपीत किंवा कन्नडसाठी नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर वेबवर नुसती चिन्हं दिसतील. कन्व्हर्टरनं बदलल्यावर जोडाक्षरं डोळ्यानं तपासा.

एक्सेलमधनं साधी सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. सेव्ह ॲजमध्ये "सीएसव्ही यूटीएफ-८" निवडा. लिबरऑफिस कॅल्क सेव्ह करताना कॅरेक्टर सेट विचारतं, तिथंपण यूटीएफ-८ च. तारखा वर्ष-महिना-दिवस ह्या क्रमानं, म्हणजे २०२४-०५-१४ अशा, म्हणजे क्रम आपोआप बरोबर लागतो.

देवनागरी आकडे ही दुसरी गोष्ट. कुणी फोनवरनं "१२.५" असं मराठी आकड्यात भरलं असेल तर एस्क्यूलाइट त्याला आकडा मानत नाही, अक्षरं मानतं, मग परत तीच शून्याची भानगड. कन्नड आकड्यांचंपण तसंच. पायथनला मात्र दोन्ही लिपींतले आकडे कळतात, त्यामुळं पायथनच्या फ्लोट फंक्शनमधनं तो कॉलम एकदा काढला की सगळे सरळ होतात.

आणि हे बारीक आहे पण त्रास फार देतं: "दुसऱ्या" ह्या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हेनं टाइप होतो, दिसायला अगदी सारखा पण आतली अक्षरं वेगळी, कारण एका पद्धतीत मधे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. शोधताना एक सापडतो दुसरा नाही. एका पद्धतीवर आणून ठेवा, एक्सेलच्या फाइंड-रिप्लेसनं होतंय. नावांच्या शेवटी राहिलेली स्पेसपण काढा.

आता बसवायला घेऊया

पायथन पाहिजे, ३.१० किंवा त्याच्या पुढचं. विंडोजवर बसवताना पहिल्याच स्क्रीनवर "ॲड पायथन टू पाथ" ह्या चौकटीत टिक करा, ती राहिली की पुढची एकही कमांड चालत नाही. मग कामासाठी एक फोल्डर करा, समजा विहीर नावाचं, त्याच्यात व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (ह्या कामापुरतं वेगळं पायथन) करून ते चालू करा म्हणजे बाकीच्या पायथनच्या कामात गडबड होणार नाही.

मग टर्मिनलमध्ये: पिप इन्स्टॉल डेटासेट एस्क्यूलाइट-यूटिल्स. इथं स्पेलिंग नीट बघा, ह्या डेटासेटच्या शेवटी दोन टी आणि ई आहेत. एकच टी टाकून ई सोडला तर त्याच उच्चाराचं भलतंच पॅकेज येऊन बसतं आणि काही चालत का नाही हे कळत नाही.

आता तिन्ही सीएसव्ही एका डेटाबेसमध्ये घालायच्या. कमांडची रचना अशी: एस्क्यूलाइट-यूटिल्स, मग इन्सर्ट, मग डेटाबेस फाइलचं नाव, मग टेबलचं नाव, मग सीएसव्ही फाइलचं नाव, आणि त्याच्या पुढं दोन डॅश लावून काही पर्याय. सीएसव्ही हा पर्याय लागतोच. डिटेक्ट-टाइप्स दिला की आकड्यांचे कॉलम आकडे म्हणून ओळखले जातात. एम्प्टी-नल दिला की रिकामे सेल खरोखर रिकामे राहतात, वर म्हटलं होतं ते हेच. आणि पीके देऊन त्याच्यापुढं मुख्य कॉलमचं नाव, म्हणजे गावासाठी गावाचा कोड, विहिरीसाठी विहिरीचा नंबर. टेबल आणि कॉलमची नावं इंग्रजी अक्षरांत छोटी, मधे स्पेस न देता ठेवा, मराठी नावं नंतर वर्णनात देता येतात.

डिटेक्ट-टाइप्सचा एक दुष्परिणाम: विहिरीचा नंबर तुम्ही "००७" असा ठेवला असेल तर तो नुसता ७ होतो. नंबरच्या आधी अक्षर लावा, खानापूरसाठी केएच वगैरे, म्हणजे प्रश्नच मिटला.

नंतर ॲड-फॉरेन-की कमांडनं नोंदी विहिरींना आणि विहिरी गावांना जोडा. हे केलं की ॲपमध्ये नोंदीच्या ओळीत विहिरीवर क्लिक करून विहिरीच्या पानावर जाता येतं, तिथनं गावाच्या पानावर, आणि गावाच्या पानावर खाली त्या गावाच्या सगळ्या विहिरींची लिंक आपोआप येते.

लगेच दोन तपासण्या करा. एक, प्रत्येक टेबलातल्या ओळी सीएसव्हीतल्या ओळींइतक्याच आहेत का. दोन, खोलीच्या कॉलमवर एस्क्यूएल ह्या डेटाबेसच्या भाषेतलं टाइपऑफ फंक्शन लावून प्रकारानुसार मोजणी काढा. रिअल, इंटीजर आणि नल एवढंच दिसलं पाहिजे. टेक्स्ट नावाची एक जरी ओळ दिसली तर कुठंतरी "सुकी", डॅश किंवा मराठी आकडा राहिलाय, तो शोधून शीटमध्ये नीट करा आणि परत भरा. कठड्याची उंची वजा करून खरी खोली दाखवणारा एक व्ह्यू (डेटाबेसनं हिशोब करून दाखवलेलं टेबल) पण आत्ताच करून ठेवा, लोकांना तोच दाखवायचा.

ह्या सगळ्या कमांड एका स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवा हे मी हट्टानं सांगेन. स्क्रिप्ट चालवली की जुना डेटाबेस पुसून सीएसव्हीतनं नवा तयार झाला पाहिजे. दुरुस्ती नेहमी सीएसव्हीत, डेटाबेसमध्ये हातानं कधीच नाही. पोरं पास होऊन जातात, पुढच्या वर्षीच्या पोरांना ती स्क्रिप्ट वाचून कळतं की आकडे कुठनं कसे आले.

पहिल्यांदा चालू करणे

टर्मिनलमध्ये डेटासेट टाकून पुढं डेटाबेस फाइलचं नाव टाका, एंटर मारा, आणि ब्राउजरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ८००१ उघडा. टेबलं दिसतील. नोंदींवर क्लिक करा, कॉलमच्या नावाशेजारच्या चाकाच्या खुणेवर क्लिक करून "फॅसेट बाय धिस" निवडा. स्थितीचा फॅसेट लावला की वर लगेच येतं, मोजली इतक्या, सुकी इतक्या, कुलूप इतक्या. त्याच्यावर तारखेचा फॅसेट लावा. पाहिजे तेवढं गाळत जा आणि मग वरचा पत्ता बघा, गाळलेलं सगळं त्या पत्त्यात असतं. ॲप नेटवर गेलं की तोच पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की समोरच्याला अगदी तेच दिसतं. प्रत्येक पानाला सीएसव्ही आणि जेसन डाउनलोडची लिंक असते, त्याच्यासाठी वेगळं काही करायला लागत नाही.

एका पानावर १०० ओळी येतात, आणि एखादी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) एका सेकंदापेक्षा जास्त वेळ घ्यायला लागली की ती तोडली जाते, हे मुद्दाम ठेवलेलं आहे म्हणजे कुणी एकानं जड काहीतरी चालवून बाकीच्यांचं अडकवू नये. बघणाऱ्याला डेटा फक्त वाचता येतो, बदलता येत नाही.

मराठीत शोध

एस्क्यूलाइट-यूटिल्समध्ये एनेबल-एफटीएस म्हणून कमांड आहे, ती दिली की टेबलावर शोधाची चौकट येते. पण नुसती तशीच देऊ नका. त्याची नेहमीची शब्द तोडण्याची पद्धत काना, वेलांटी, हलन्त ह्यांना अक्षर मानत नाही, तिथंच शब्द तोडते, म्हणून मराठी शब्दाचे तुकडे होतात आणि शोधात भलतंसलतं येतं. टोकनाइज पर्यायात ट्रायग्राम द्या. एस्क्यूलाइट ३.३४ पासून ते आहे. ट्रायग्राम तीन-तीन चिन्हांचे तुकडे करून शोधतं, त्यामुळं अर्धवट नाव टाकलं तरी सापडतं, "नंदग" एवढं टाकलं तरी नंदगड येतं. फक्त तीनपेक्षा कमी चिन्हं टाकली की काही येत नाही, काना-मात्रा धरून मोजायचं.

लोकांना कळेल असं करा

आत्तापर्यंत झालं ते संशोधकासाठी झालं. एका गावात लॅपटॉपवर हे दाखवलं तेव्हा एका मावशींनी पहिला प्रश्न केला, "सर, आमची हीर ह्यात कुठं हाय?" सगळं ॲप ह्या एका प्रश्नाभोवती बांधलं तर बरोबर होतं असं मला वाटतं.

त्यासाठी मेटाडेटा फाइल करा, याम्ल फॉरमॅटमध्ये, आत टॅब न वापरता स्पेस द्यायच्या. त्याच्यात शीर्षक, वर्णन, डेटा कुणी कधी गोळा केला, कुठल्या लायसन्सखाली दिलाय हे लिहा, आणि प्रत्येक कॉलमचं वर्णन मराठीत आणि कन्नडमध्ये. "खोली: जमिनीपासून पाण्यापर्यंत, मीटरमध्ये, आकडा मोठा म्हणजे पाणी खोल" एवढं स्पष्ट लिहा. चालू करताना डॅश डॅश मेटाडेटा देऊन ही फाइल जोडा.

मग तयार प्रश्न करून ठेवा, डेटासेटमध्ये त्याला कॅन्ड क्वेरी म्हणतात. एस्क्यूएलमध्ये गावाच्या जागी कोलन लावून एक नाव लिहिलं की ॲपमध्ये तिथं आपोआप चौकट येते, गावाचं नाव टाकायचं, बटन दाबायचं, त्या गावाच्या विहिरी तारखेप्रमाणं समोर. असे तीनचार प्रश्न पुरे: माझ्या गावाच्या विहिरी, कुठल्या गावात मे महिन्यात सगळ्यात जास्त सुक्या, जांभ्यातल्या विहिरी पावसानंतर किती चढतात आणि किती लवकर उतरतात. हा तिसरा प्रश्न खानापूरच्या लोकांना फार जवळचा आहे, जांभ्यातलं पाणी लवकर भरतंय आणि लवकर झिरपून जातंय हे त्यांना माहीतच असतं, ते आकड्यात दिसलं की बोलणं सुरू होतं. टेम्प्लेट-डर पर्याय देऊन पहिलं पान आपलं स्वतःचं मराठी-कन्नडमध्ये करता येतं, त्याच्यावर हे प्रश्न मोठ्या अक्षरात ठेवा, टेबलांची यादी खाली.

नकाशा पाहिजे असेल तर डेटासेट-क्लस्टर-मॅप प्लगइन बसवा. टेबलात लॅटिट्यूड आणि लाँजिट्यूड नावाचे कॉलम असले की नकाशा आपोआप येतो. दशांशात पाहिजेत, १५ अंश ५१ मिनिटं म्हणजे १५.८५. आणि अदलाबदल बघा, बेळगावसाठी लॅटिट्यूड साधारण १५.८५ आणि लाँजिट्यूड ७४.५. उलट पडलं तर तुमची विहीर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसेल.

माणसांची माहिती बाहेर जाऊ देऊ नका

मालकाचं नाव, फोन नंबर, सर्व्हे नंबर, हे लोकांनी विश्वासानं दिलेलं असतं आणि विहीर कुठं आहे, त्यात पाणी किती ह्यावरनं जमिनीची किंमत ठरते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदापण आहेच, पण कायदा नसता तरी हे पाळायला पाहिजे होतं. हे कॉलम लपवू नका, सार्वजनिक डेटाबेसमध्ये घालूच नका. आधी घालून नंतर डिलीट केलं तरी एस्क्यूलाइटच्या फाइलमध्ये मोकळ्या झालेल्या जागेत तो मजकूर पडून राहू शकतो, आणि डेटाबेस न बदलणारा म्हणून चालवला तर अख्खी फाइल डाउनलोड करायची सोय असते. म्हणून स्क्रिप्टमध्येच सार्वजनिक सीएसव्ही वेगळ्या करा आणि त्याच्यातनं कोरा डेटाबेस बांधा.

जागेचे आकडे दोन दशांशांवर आणा, म्हणजे एखाद्या किलोमीटरपर्यंतच जागा कळते, गावासाठी ते पुरतं. सरकारी शाळेची किंवा पंचायतीची विहीर असेल तर पूर्ण आकडे ठेवायला हरकत नाही. मालकाला त्याच्या विहिरीचा नंबर तेवढा सांगून ठेवा, म्हणजे नाव न दाखवता त्याला त्याची विहीर सापडते.

नेटवर कसं टाकायचं

सगळ्यात आधी नेटशिवाय करून बघा. कणकुंबी-जांबोटीकडं रेंजचा भरवसा नसतो. लॅपटॉप आणि गावकऱ्यांचे फोन एकाच फोनच्या हॉटस्पॉटवर जोडा, डेटासेट चालू करताना होस्ट म्हणून चार शून्यं टिंबांनी जोडून द्या, विंडोजचं फायरवॉल विचारेल त्याला परवानगी द्या, आणि आयपीकॉन्फिग कमांडनं लॅपटॉपचा पत्ता काढून तो कोलन ८००१ सकट फोनवर टाकायला सांगा. इंटरनेट लागत नाही, फक्त नकाशाची मागची चित्रं येणार नाहीत. ग्रामसभेत किंवा शाळेत दाखवायला हे उत्तम, आणि चुकापण तिथंच सापडतात, कारण लोक लगेच सांगतात, ही विहीर त्या गल्लीत नाही ह्या गल्लीत आहे.

कायमचं ठेवायचं तर छोटा उबंटू सर्व्हर भाड्यानं घ्या, १ जीबी रॅम पुरते. सिस्टिमडी ह्या उबंटूमधल्या प्रोग्रॅम चालू ठेवणाऱ्या सोयीत सर्व्हिस लिहून ठेवा म्हणजे सर्व्हर बंद पडून चालू झाला तरी डेटासेट आपोआप उठेल. समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवून त्याच्यामार्फत बाहेर द्या, डेटासेटला होस्ट लोकलहोस्टच राहू दे. साइट सुरक्षित (एचटीटीपीएस) करायला लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, ९० दिवसांनी संपतं, सर्टबॉट ते आपोआप नवीन करतं पण ते करतंय का हे एकदा तपासा. डेटाबेस न बदलणारा म्हणून चालवायला आय हा पर्याय द्या, वेग वाढतो. मग नवीन मोजणी आली की सीएसव्हीत ओळी वाढवा, स्क्रिप्ट चालवा, दोन्ही तपासण्या करा, नवी फाइल सर्व्हरवर टाका, सर्व्हिस रीस्टार्ट करा.

सर्व्हरचे पैसे परवडत नसतील तर डेटासेट लाइट बघा, ते पूर्ण ब्राउजरमध्येच चालतं, नुसती फाइल नेटवर ठेवली की झालं. पण पहिल्यांदा उघडताना बरेच एमबी डाउनलोड होतात, कमी रेंजच्या फोनवर ते त्रासाचं होतं, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबसाठी चांगलं.

एक कॉपी झेनोडो ह्या संशोधनाचा डेटा जपणाऱ्या साइटवर पण टाका, तीच सार्वजनिक सीएसव्ही आणि स्क्रिप्ट. सर्न ही संस्था ते चालवते, पैसे लागत नाहीत, कायमचा डीओआय नंबर मिळतो आणि पुढं कुणी तुमचा डेटा वापरला तर त्याला तो नंबर देता येतो. ॲप उद्या बंद पडलं तरी डेटा राहतो.

शेवटचं काम खात्यांचं. सर्व्हर, डोमेन, झेनोडो, तिन्ही खाती विभागाच्या ईमेलवर काढा, कुठल्या विद्यार्थ्याच्या किंवा एका सरांच्या जीमेलवर नको. डोमेन कधी संपतंय ती तारीख, पासवर्ड कुणाकडं आहेत आणि स्क्रिप्ट कशी चालवायची हे एका कागदावर छापून विभागाच्या कपाटात ठेवा, आणि पुढच्या बॅचच्या दोघांना ती स्क्रिप्ट स्वतःच्या हातानं चालवायला लावा.